बोटांवरची माळ

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही आणि अक्षर तर वाऱ्याने उडालेल्या पेंढ्यासारखं आहे. हे कोणाच्या हाती लागलं तर त्याने चुकांकडे बघू नये, एवढी विनंती. नातीच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यात लिहिते आहे. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, पण ती कागदावर कशी उतरवायची ते मला शाळेत कोणी शिकवलं नाही. म्हणून सगळ्यांचं बोलणं पुस्तकातल्या मराठीत लिहिते. फिलू असती तर तिने हे सुंदर लिहिलं असतं. आमच्या वर्गात तिचं अक्षर सगळ्यात चांगलं होतं.

पण फिलू सही करत नसे, अंगठा द्यायची.

रेशनच्या दुकानात, पोस्टात, पंचायतीच्या कचेरीत, सगळीकडे अंगठा. रेशनवाल्याला वाटायचं, ही अडाणी. "मावशी, इथे," म्हणून तो तिचा अंगठा धरून कागदावर टेकवायचा. ती टेकवू द्यायची. घरी आली की चुलीतली राख घेऊन शाई जाईपर्यंत घासत बसायची. मी तिच्या शेजारी उभी असायचे. त्याला सांगावं असं वाटायचं की अरे, हिला तुझ्यापेक्षा चांगलं लिहिता येतं. पण दुकानात चार माणसांत बोलायला मला जमत नाही.

फिलू म्हणजे फिलोमिना. माझी शेजारीण, माझ्याच वयाची. आमचं गाव वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या बाजूचं. केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, मधून अरुंद वाटा, आणि प्रत्येक आळीच्या तोंडाशी एक क्रूस. आमच्या आळीचा क्रूस माझ्या दारासमोरच आहे. थंडीत आम्ही दोघी पहाटे कागडा खुडायला जायचो, उन्हाळ्यात मोगरा. फुलं केळीच्या पानात बांधून दादरच्या बाजारात जायची. फिलूचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला. मूलबाळ नव्हतं. मग ती आखातात कामाला गेली, काही वर्षं राहिली आणि एक दिवस अचानक परत आली. हातात एक प्लास्टिकची पिशवी, अंगावर कोणाचा तरी सैल झगा. त्या देशाचं नाव ती घेत नसे. नुसतं 'तिकडे' म्हणायची.

आल्यापासून तिच्या काही गोष्टी वेगळ्या होत्या. प्रार्थनेला बसण्याआधी ती उठून खिडकी लावायची. मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा. खिडकी लावायची, कडी लागली का ते हाताने बघायची आणि मग बसायची. तिच्याकडे जपमाळ नव्हती. तिच्या आईची चांदीची माळ कपाटात होती, ती तिने कधी काढली नाही. ती बोटांवर मोजायची. दहा बोटं, दहा वेळा नमो मरिया ही प्रार्थना. अंगठा एकेका बोटावरून सरकत जायचा. फुलं विकताना, एसटीत बसलेली असताना, कोणाशी बोलत असतानाही तो सरकत असायचा आणि समोरच्याला कळायचं नाही. आवाज तर इतका खाली गेला होता की देवळात गाताना तिचे फक्त ओठ हलायचे.

आणखी एक म्हणजे तिने कोंबड्या पाळल्या होत्या, पण कोंबडा ठेवला नव्हता. नर निघाला की तो कोणाच्या तरी घरी पाठवायची. बायका थट्टा करायच्या. माझी जाऊ म्हणायची, "फिलू, स्वतः नवरा केला नाहीस तो नाहीस, कोंबड्यांना तरी करू दे." फिलू हसायची.

तिकडे काय झालं ते तिने मला एकदाच सांगितलं, कागडा खुडताना. माझ्याकडे न बघता, खुडत खुडत सांगितलं.

तिकडे ती एका हॉस्पिटलात साफसफाईला होती. तिकडे आपली प्रार्थना चालत नसे. देऊळ नाही, क्रूस नाही, चार बायकांनी एकत्र बसून माळ म्हणणंही नाही. शुक्रवारी सुट्टी असायची. मग ह्या बायका कोणाच्या तरी खोलीत जमायच्या. दोघी केरळच्या, एक मंगलोरची, फिलू, आणि लिटा म्हणून एक फिलिपाइन्सची. दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचा, खिडकी बंद करायची आणि कपडे धुण्याचं मशीन रिकामंच चालू ठेवायचं. त्याच्या घरघरीखाली प्रार्थना. माळ सापडली तर पंचाईत, म्हणून बोटांवर मोजायला लिटानेच शिकवलं. लिटा बुटकी होती, फार हसायची आणि गाणं सुरू केलं की तिला थांबवावं लागायचं.

एका शुक्रवारी नाताळ जवळ आला होता. लिटाने गाणं धरलं, सगळ्यांनी धरलं. मशीनची फेरी संपली आणि ते बंद पडलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्या गात राहिल्या.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली.

पोलिसांनी त्यांना वेगवेगळं बसवलं. मग प्रत्येकीपुढे एक कागद ठेवला. दोन भाषांत लिहिलेला, फिलूला दोन्ही येत नव्हत्या. दुभाषा म्हणाला, चूक झाली, पुन्हा जमणार नाही, एवढंच लिहिलंय, सही कर आणि विमानात बस. फिलूने सही केली. बाकीच्यांनीही केली. लिटा म्हणाली, आधी मला सगळं वाचून दाखवा. तिला वाचून दाखवलं. तिने सही केली नाही.

विमानात केरळच्या एकीने फिलूला सांगितलं. तिला इंग्रजी थोडं येत होतं. त्या कागदात असं होतं की आम्हांला लिटाने बोलावलं, लिटाने जमवलं, लिटा शिकवत होती.

"मी सही किती छान केली, मोनी," फिलू म्हणाली. "काय लिहिलंय ते कळत नव्हतं, तरी अक्षर नीट काढलं. सवयच ती."

लिटाचं पुढे काय झालं, मी विचारलं. ते कोणालाच कळलं नव्हतं. केरळच्या बाईला फिलूने दोनदा पत्र टाकलं, तिच्या घरून उत्तर आलं नाही.

मग ती म्हणाली, "पेत्राने तोंडाने नाकारलं. मी अक्षर काढून नाकारलं."

तेव्हा मला तिच्या कोंबड्यांचं कळलं. गुड फ्रायडेच्या आधी दर वर्षी देवळात ते वाचतात. प्रभूला धरून नेलं त्या रात्री संत पेत्राने तीन वेळा सांगितलं की मी ह्या माणसाला ओळखत नाही, आणि कोंबडा आरवला. टोपली भरली होती, ती उचलून आम्ही घरी आलो.

आता इकडचं सांगते. ती वर्षं आमच्याकडेही काही बरी नव्हती. आमच्या भागात काही लोकांचं चालायचं. तिकडच्या देशाचं नाव फिलू घेत नसे, तसं ह्या लोकांचं नाव आम्ही घेत नव्हतो. 'ते लोक' म्हटलं की कळायचं. जमिनी त्यांना हव्या होत्या. पूर्वेला एव्हरशाईनकडे, तिकडे वर मनवेलपाड्याला बिल्डिंगी उठत होत्या आणि त्यांना लागणारं पाणी आमच्या विहिरींतून जात होतं. दिवसभर वाटेवर त्याच लोकांचे टँकर. विहिरी उपसून उपसून पाणी मचूळ झालं, केळीची पानं कडेने करपायला लागली. तरी विकणारे विकत होते. त्यात फिलूचा धाकटा भाऊ बस्त्याव पण होता. तो वाईट माणूस नव्हता. दोन पोरींचं शिक्षण होतं आणि टँकरवाला रोख द्यायचा. फिलू त्याला काही बोलायची नाही, पण त्याच्या घरी पाणी प्यायची नाही. तो विचारायचा, "बाय, पाणी तरी घे." ती म्हणायची, "ते विकलंस ना?"

निवडणुकीचं एक आठवतं. आम्ही दोघी सकाळीच मराठी शाळेत मत द्यायला गेलो. माझं झालं. फिलूची पाळी आली तर तिथल्या पोराने यादी बघितली आणि म्हणाला, "मावशी, तुमचं मत पडलंय."

फिलूने बोट पुढे केलं. "मग शाई कुठाय?"

"उन्हाने गेली असेल."

"सकाळचे आठ वाजलेत."

"मावशी, ही बघा सही. तुमचीच ना? फिलोमिना."

फिलूने वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मी सही करत नाही. गावात कोणालाही विचार."

"मग ही कोणी केली?"

"तेच विचारायला बसते," ती म्हणाली आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. संध्याकाळी पेट्या नेईपर्यंत बसली होती. मध्ये कोणी चहा दिला तो घेतला. येणारा-जाणारा विचारायचा आणि ती कोरं बोट दाखवायची. भांडली नाही, रडली नाही. ते लोक सावलीला खुर्च्या टाकून बसले होते, ते पहिल्यांदा हसले, मग हसायचे थांबले. घरी येताना मला म्हणाली, "अक्षर फार घाण होतं गं. माझं नाव लिहायचं तर जरा बरं तरी लिहायचं." मला हसू आलं. ती पण हसली. मग आळीच्या तोंडाशी आलो तसा तिचा अंगठा बोटांवरून सरकायला लागला.

त्यानंतर काही वर्षांनी आमची गावं शहराच्या महापालिकेत घ्यायची ठरली. ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर करून नको म्हटलं होतं. तो ठराव कुठे गेला कळलं नाही. मग मोर्चे सुरू झाले. हिंदू आळ्या, ख्रिस्ती आळ्या, अर्नाळ्याकडचे कोळी, सगळे येत होते. फिलू प्रत्येक सभेला जायची आणि शेवटच्या रांगेत बसायची. कोणी बोलायला सांगितलं तर गळ्याला हात लावून आवाज नाही असं दाखवायची. एकदा रस्ता अडवून बसलो होतो तेव्हा पोलिसांनी लाठ्या चालवल्या. माझ्या कोपराला लागलं. कोण कोणाला मारतंय ते कळत नव्हतं. आम्ही वाड्यांतून पळालो, केळीच्या बुंध्यांना धरत धरत. घरी येऊन बघितलं तर हातात कोणाची तरी चष्म्याची डबी होती, ती कशी आली मला आजही सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी जमावबंदी लागली. पाच माणसं एकत्र दिसली तर धरणार. मे महिना होता. मे महिना मरियामातेचा, आमच्याकडे रोज संध्याकाळी आळीच्या क्रूसाजवळ माळ होते. पोरं मोगऱ्याचे हार घालतात, बायका चटया आणतात. माझ्या लहानपणापासून त्यात कधी खंड पडला नव्हता.

रविवारी मिस्साला फादरांनी सांगितलं की हुकूम उठेपर्यंत क्रूसाजवळ कोणी जमू नये, माळ आपापल्या घरी म्हणावी. प्रवचनात त्यांनी प्रभूने सांगितलेली कैसराच्या नाण्याची गोष्ट घेतली, नाण्यावर राजाचा मुखवटा म्हणून ते राजाचं. सरकारचं सरकारला, देवाचं देवाला. फादर भित्रे नव्हते. मोर्च्यात त्यांनाही लागलं होतं, पोरांची डोकी फुटू नयेत एवढंच त्यांच्या मनात होतं. मिस्सा संपल्यावर ते देवळाच्या दाराशी उभे होते. फिलू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने आयुष्यात फादरांना कधी प्रश्न विचारला नव्हता.

"फादर, घरी म्हणायची म्हणजे खिडकी उघडी ठेवून की लावून?"

फादरांना वाटलं, ही उकाड्याचं विचारते. ते हसले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गेलं. तिची गोष्ट त्यांना ठाऊक होती. ते म्हणाले, "तुला जे योग्य वाटेल ते, बाय."

"नाणं कोणाचं ते कळतं, फादर," ती म्हणाली. "संध्याकाळ कोणाची?"

आणि त्यांच्या हाताला हात लावून निघाली.

त्या संध्याकाळी ती चटई घेऊन क्रूसाजवळ जाऊन बसली. एकटी. एका बाईचा जमाव होत नाही. मग समोरची आली, मग आणखी दोघी. चार झाल्या तेव्हा बाकीच्या आपापल्या दारात थांबल्या. ह्या चौघी म्हणायच्या आणि आम्ही दारादारांतून उत्तर द्यायचो. मी माझ्या उंबऱ्यावर बसायचे. आवाज आळीच्या टोकापर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा. नाक्यावर एक हवालदार होता, घाटावरचा, वयस्कर. तो रोज येऊन मोजायचा. "चार आहेत ना? मग चालू द्या, मावशी." एकदा त्याला फिलूने मोगरा दिला तो त्याने टोपीत ठेवला. असे बरेच दिवस गेले.

मग एका संध्याकाळी हवालदार नव्हता. जीपमधून साहेब आले होते, तरुण, बरोबर माणसं, आणि त्यांच्या मागे मोटारसायकलवर ते लोक. चौघींनी माळ सुरू केली होती. तेवढ्यात आळीच्या कोपऱ्यातल्या घरातून इजाबेल आजी आपलं लाकडी पाटलं घेऊन निघाली.

इजाबेल आजीला ऐकू येत नव्हतं. ती इतके दिवस मुलीकडे होती, त्याच दुपारी परत आली होती. जमावबंदी, मोर्चे, हुकूम, तिला काही कोणी सांगितलं नव्हतं. मे महिना, संध्याकाळ, माळेची वेळ झाली म्हणून ती निघाली, जशी दर वर्षी निघायची. आम्ही दारातून हात केले. तिला वाटलं आम्ही या म्हणतोय. ती हसली, क्रूसाला हात लावला, पाटलं मांडलं आणि फिलूच्या बाजूला बसली.

पाच झाल्या.

साहेब म्हणाले, "एकीने उठा."

कोणी उठेना. आजीला उठवायचं कसं हा एक प्रश्न होता. बाकीच्या तिघी फिलूकडे बघत होत्या, कारण सुरुवात तिने केली होती. ती उठली असती तर झालं असतं. साहेब तेच म्हणाले, सरळ, न रागावता. "तुम्ही उठा, मावशी. घरात बसून म्हणा. चार राहू देत. मला काही त्रास द्यायचा नाही."

फिलूने गुडघ्यावर हात ठेवले. उठणाऱ्या माणसासारखे. मला माझ्या दारातून ते हात दिसत होते. थोडा वेळ ते तसेच राहिले. मग तिने ते उचलून परत मांडीवर घेतले आणि अंगठा पुढच्या बोटावर नेला. आणि ती नमो मरिया म्हणाली. मोठ्याने. ती आल्यापासून इतक्या वर्षांत मी तिचा मोठा आवाज ऐकला नव्हता. खरखरीत होता, वापरात नसलेल्या रहाटासारखा.

चौघींना जीपमध्ये घातलं. आजीला कोणी हात लावला नाही, एवढ्या म्हातारीला कोण नेणार. ती पाटल्यावर बसून आपली माळ म्हणतच होती. पूर्ण झाल्यावर पाटलं उचललं आणि मला हातानेच विचारलं, सगळ्या गेल्या कुठे.

दुसऱ्या दिवशी बस्त्याव आणि मी डबा घेऊन पोलीस स्टेशनला गेलो. हमीपत्र होतं. सही करायची आणि घरी जायचं. तिघींनी केली. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत. एकीचं मूल अंगावर पीत होतं. फिलू बाकावर बसली होती. बस्त्याव तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाय, सही कर आणि चल. नुसता कागद आहे."

"तिकडे पण नुसताच कागद होता."

"मग अंगठा दे. नाहीतरी तू सगळीकडे अंगठाच देतेस."

"तो रेशनला देते. ह्याला नाही."

"तुझ्यापायी मला टँकर बंद करतील, ठाऊक आहे? कालपासून आले नाहीत."

फिलूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. मग टेबलामागच्या माणसाला म्हणाली, "मला सगळं वाचून दाखवा."

त्याने वाचलं. शांतता राखीन, बेकायदा जमावात सामील होणार नाही, कोणाला सामील करणार नाही. असं बरंच होतं.

"मी माळ म्हणत होते," फिलू म्हणाली. "म्हणणार नाही असं लिहून कसं देऊ? उद्या संध्याकाळी परत वेळ होईल."

त्या माणसाने पेन खाली ठेवलं. कंटाळला होता तो. बस्त्याव उठून बाहेर गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी डबा उघडला. त्यात वडे आणि सुक्या बोंबलांचं कालवण होतं. तिने थोडं खाल्लं, बाकीचं कोपऱ्यातल्या एका बाईला दिलं.

मग तिला तुरुंगात पाठवलं. मोर्च्याच्या केसमध्ये तिचंही नाव घातलं. वकील, जामीन, कागदपत्रं, सगळं मिळून मोठी रक्कम लागली आणि ती बस्त्यावने भरली. टँकरवाल्याकडून उचल घेतली, पुढच्या पाण्यावर. तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने घेतली नसती.

ती घरी आली तेव्हा आळीतल्या बायका जमल्या. तुरुंगात कसं होतं, सगळ्यांनी विचारलं. ती म्हणाली, बरं होतं, खिडकीला गज होते पण झडप नव्हती, त्यामुळे लावायचा प्रश्न नव्हता. एक मुसलमान बाई होती, ती नमाज पढायची आणि फिलू माळ म्हणायची. वॉर्डन म्हणायची, तुम्ही दोघी देवाला जरा झोपू द्या. हे सांगताना फिलू थोडी हसली. आम्हांला वाटलं, आता ही बदलेल. त्या संध्याकाळी मी तिच्याकडे बसले होते. माळेची वेळ झाली. ती उठली, खिडकी लावली, कडी हाताने बघितली आणि बसली.

मी खिडकीकडे बघितलं. तीच म्हणाली, "हात आपोआप जातो गं."

पैशाचं कळल्यावर मात्र ती बस्त्यावशी बोलली. मी तेव्हा तिच्या ओटीवर हार करत होते. ती म्हणाली, "ज्यांनी आत घातलं त्यांच्याच पैशाने मी बाहेर आले. हे मला पोटात ठेवता येत नाही. मी सगळे परत करीन."

"बहिणीकडून घेऊ?"

"माझ्याकडून घे. टँकरवाल्याला दे. पुढचं पाणी विकू नकोस."

त्याने खांदे उडवले. त्याला वाटलं नाही हिच्याने होईल. जामिनाचे पैसे कोर्टातून परत यायचे होते, ते कागदात अडकून राहिले. मग तिने फुलांचे पैसे साठवायला सुरुवात केली. दुसऱ्यांच्या वाड्यांत खुडायला जायची, लग्नाच्या वेण्या करायची, नाताळात घरोघर पीठ दळून द्यायची. थोडे जमले की केळीच्या पानात बांधायची, फुलांसारखे, वरून केळीच्या खोडाचं सोपट गुंडाळायची आणि बस्त्यावच्या हातात द्यायची. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "ठेव गं, बाय." ती प्रत्येक वेळी म्हणायची, "धर."

ह्यात वर्षं गेली. मधल्या काळात गावं महापालिकेत गेली. ती बाहेर काढू म्हणून पुन्हा सभा झाल्या, कोर्टात तारखा पडल्या, लोक थकले. चौघींच्या माळेच्या केसलाही तारखा पडायच्या. शेवटी एकदा वकिलाने विचारलं, जमावाला पाच लागतात, कागदात चारच आहेत, पाचवी कुठे? पोलिसांना सांगता येईना. चौघींना विचारलं. चौघींनी सांगितलं, आठवत नाही. इजाबेल आजी त्याच्या आदल्या वर्षीच वारली होती, तरीही कोणी तिचं नाव घेतलं नाही. केस निकालात निघाली. कोर्टाबाहेर बाकीच्या तिघी हसून हसून एकमेकींवर पडल्या. फिलू हसली नाही. ती म्हणाली, "नाव घेतलं नाही, एवढं बरं झालं." मग आम्ही वसईच्या नाक्यावर चहा घेतला.

शेवटचे पैसे दिले तेव्हा मी बरोबर होते. थंडीचे दिवस, कागड्याचा मोसम संपत आला होता. फिलूला तेव्हा दम लागायचा, डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं. आम्ही सावकाश चालत बस्त्यावच्या वाडीत गेलो. टँकर कधीचे बंद झाले होते. तिच्या पैशांमुळे नाही. पाणी इतकं खारट झालं की टँकरवालेच यायचे थांबले. विहिरीवर पंप गंजून पडला होता. बस्त्याव काठावर बसून जुना पाइप गुंडाळत होता.

तिने केळीच्या पानाचं पुडकं त्याच्या बाजूला ठेवलं. "हे शेवटचे."

बस्त्यावने हात पुढे केला नाही. केस पिकले होते त्याचे. "बाय," तो म्हणाला, "आता कशाला? टँकरवाल्याचे मी कधीच देऊन टाकले. त्याला पाणी नाही, मला पाणी नाही. हे तू मलाच देतेस नुसती."

"हो."

"मग ठेव ना. औषधाला होतील."

"धर," फिलू म्हणाली.

त्याने पुडकं उचललं. सोडलं नाही, मोजलं नाही, छातीशी धरून बसला. मग तो आत गेला आणि पेल्यात पाणी घेऊन आला. नळाचं होतं, महापालिकेचं. ती ते प्याली. इतक्या वर्षांत त्याच्या घरचं पहिलं पाणी. पेला परत देताना म्हणाली, "तुझं फिटलं, बस्त्याव."

'तुझं' हा शब्द तिने जरा थांबून म्हटला. मला लिटा आठवली; त्याला ते कळलं की नाही, ठाऊक नाही. तो मान खाली घालून उभा होता.

आम्ही परत निघालो. ती पुढे, मी मागे, वाट अरुंद आहे. पावसाळ्याआधी ती गेली, आणि डोळ्यांसमोर ती येते ती अशीच, पाठमोरी. दोन्ही बाजूंना करपलेली केळ, तिची निळी साडी, आणि बाजूला सोडलेला उजवा हात. अंगठा करंगळीवर गेला, तिच्या शेजारच्या बोटावर गेला, पुन्हा करंगळीवर आला. मी मोजायचा प्रयत्न केला नाही. घरी पोचल्यावर तिने दार लोटलं आणि मला खिडकीची कडी लागल्याचा आवाज आला. बस्त्यावचे पैसे पुरते फिटले होते.